काझीरंगा : पुराने घडविलेले अरण्य

(आकाशवाणीवर झालेले भाषण)



मी प्राणिशास्त्रज्ञ नव्हे, की वनखात्यातील अधिकारीही नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतली आणि कृष्णाकाठच्या एका शाळेत पस्तीस वर्षे भूगोल शिकविला, एवढेच माझे भांडवल. भूगोलाच्या मास्तराला एक खोड जडते. सारे जग फळ्यावर मावते असे त्याला वाटू लागते. नदी म्हणजे निळ्या खडूची एक नागमोडी रेघ. तिच्या दोन्ही अंगांस थोडे ठिपके दिले की झाले पूरमैदान. 'पुराचे फायदे व तोटे लिहा' असा प्रश्न परीक्षेत आला की तोट्यांना आठ ओळी आणि फायद्यांना एक ओळ द्यावयाची, असा आमच्या वर्गाचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. ती एक ओळ अशी : 'पुरामुळे सुपीक गाळ मिळतो.' तेवढ्याने मुलांना गुण मिळत आणि मास्तरांचेही समाधान होई. आज मी त्या एका ओळीविषयीच बोलणार आहे. कारण तिच्यात केवढे अरण्य दडलेले आहे, हे मला सेवानिवृत्त झाल्यावर कळले.

कळण्याचे निमित्त सुखाचे नव्हते. सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णेला महापूर आला. सांगलीस आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर चढले. आमच्या घराचा तळमजला बुडाला. आम्ही उभयता, शेजारची दोन कुटुंबे, एक शेळी व तिची दोन करडे अशी सारी मंडळी तीन दिवस गच्चीवर होतो. दुसऱ्या रात्री विजेरीच्या उजेडात जिन्याच्या वरच्या पायरीवर एक लांबलचक धामण वेटोळे करून पडलेली दिसली. एरवी कोणीतरी काठी शोधली असती. त्या रात्री कोणीही हात उचलला नाही. ती पायरीवर आणि आम्ही गच्चीवर. दोघेही एकाच कारणाने तेथे आलो होतो. पाणी उतरू लागले तशी ती निघून गेली.

पूर ओसरल्यावर चिखल उपसताना मला एका बातमीची आठवण झाली. ती त्याच्या आधीच्याच महिन्यातली होती. जुलै २०१९ मध्ये आसामात हरमती या ठिकाणी महामार्गालगत असलेल्या एका दुकानदाराच्या घरात एक वाघीण सकाळच्या वेळी शिरली आणि आतल्या खोलीतील खाटेवर जाऊन झोपली. ब्रह्मपुत्रेच्या पुराने तिचे रान पाण्याखाली गेले होते. कोरडी जागा शोधता शोधता ती थकून तेथवर आली होती. दिवसभर ती झोपून राहिली. वनखात्याच्या आणि वन्यप्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेच्या लोकांनी तिला विश्रांती घेऊ दिली. संध्याकाळी रस्त्यावरील वाहतूक थोपवून धरली, फटाके वाजवून तिला जागे केले आणि वाट मोकळी ठेवली. साडेपाचच्या सुमारास ती उठली, रस्ता ओलांडला आणि रानाच्या दिशेने चालती झाली. घरमालकाने ती चादर व उशी आठवण म्हणून जपून ठेवण्याचे ठरविले, असेही त्या बातमीत होते. प्रथम वाचली तेव्हा ती मला गंमतीची वाटली होती. आमच्या जिन्यावरची धामण पाहिल्यानंतर मात्र तीत गंमत उरली नाही. ती वाघीण कोठून निघाली, कोठे चालली होती आणि मध्येच माणसाच्या खाटेवर तिला का निजावे लागले, हे समजून घ्यावे असे मनाने घेतले.

योगायोगाने जावयांची नेमणूक गुवाहाटीस झाली, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत कन्येच्या आग्रहाने आम्ही तिकडे गेलो. गुवाहाटीहून पूर्वेस दोनशेवर किलोमीटर गेले की काझीरंगा लागते. हे राष्ट्रीय उद्यान प्रेक्षकांसाठी साधारणतः हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभीच खुले असते. पावसाळ्यात तेथे राज्य पाण्याचे.

आता ही जागा कशी आहे ते नीट पाहू. ब्रह्मपुत्रा आसामात पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. तिला आपल्या परंपरेत नदी न म्हणता नद म्हणतात, आणि तिचे पात्र पाहिल्यावर ते पटतेही. पैलतीर दिसतो न दिसतो इतकी तिची रुंदी. तिच्या दक्षिण काठाला लागून पूर्व-पश्चिम पसरलेला एक लांबट, सखल पट्टा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची अवघी चाळीस ते ऐंशी मीटर. तेच काझीरंगा. त्याच्या दक्षिण सीमेवर 'मोरा डिफलू' नावाचा प्रवाह आहे. आसामीत मोरा म्हणजे मेलेली. नदीने टाकून दिलेल्या जुन्या पात्राला तिकडे असे नाव देतात. त्याच्याही दक्षिणेस महामार्ग, आणि महामार्गापलीकडे कार्बी आंगलाँगचे डोंगर.

श्रोत्यांनी डोळ्यांपुढे तीन पायऱ्यांचा एक जिना आणावा. तळची पायरी नदी, मधली पायरी गवताचे मैदान आणि वरची पायरी डोंगर. काझीरंग्याची सारी कथा या तीन पायऱ्यांची आहे. आपण नकाशावर मधल्या पायरीभोवती हिरवी रेघ ओढतो आणि तिला अभयारण्य म्हणतो. पण तेथील प्राणी मात्र तिन्ही पायऱ्यांवर राहतो.

या मधल्या पायरीचे रक्षण कसे सुरू झाले, तो इतिहास थोडक्यात सांगतो. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या पत्नी १९०४ साली गेंडे पाहावयास तेथे गेल्या, आणि त्यांना गेंड्याऐवजी केवळ त्याच्या पावलांचे ठसे पाहून परतावे लागले, असे सांगतात. त्यांनी पतीजवळ हा विषय काढला. १९०५ मध्ये राखीव वनाचा प्रस्ताव निघाला, १९०८ मध्ये ते राखीव झाले आणि १९१६ मध्ये तेथे शिकारीला बंदी असलेले अभयारण्य झाले. स्वातंत्र्यानंतर १९७४ मध्ये चारशेतीस चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आणि १९८५ मध्ये जागतिक वारसास्थान, अशा पायऱ्या ते चढत गेले. आरंभी तेथे बोटांवर मोजता येतील एवढेच गेंडे उरले होते असे मानतात. १९६६ च्या गणनेत ते ३६६ भरले आणि २०२२ च्या गणनेत २,६१३. एकशिंगी गेंड्यांची एवढी संख्या पृथ्वीवर दुसऱ्या कोणत्याही एका ठिकाणी नाही. पूर्वेकडील जातीच्या बारशिंग्यांचा मुख्य आसरा तोच, आणि जगातील रानम्हशींचा फार मोठा हिस्साही तेथेच नांदतो.

हे यश बंदुकीच्या धाकाने आणि रखवालदारांच्या निष्ठेने मिळाले, हे खरेच. पण गेंड्याचे रक्षण केले म्हणून त्याला चरावयास गवत कोठून आले? त्याला लोळावयास चिखल कोणी दिला? या प्रश्नांचे उत्तर एकच : पुराने.

आता ते कसे, ते मास्तराच्या पद्धतीने सांगतो. नदी पूर आणते तेव्हा ती कोठे काठ खाते, तर कोठे नवी वाळू टाकते. या नव्या वाळूवर पहिले पाऊल ठेवते ते काश गवत. मग गाळ साचतो, ओल टिकते, आणि त्यावर माणूस हत्तीवर बसला तरी दिसेनासा व्हावा एवढे उंच गवत वाढते. पुढे त्यात सावरीसारखी झाडे शिरतात. झाडांची सावली पडली की गवत मागे हटते आणि हळूहळू दाट रान होते. म्हणजे गवताळ मैदान हे वनाचे तारुण्य होय. त्याला स्वस्थ राहू दिले तर ते प्रौढ होते आणि गवत नाहीसे होते. परंतु गेंडा, रानम्हैस, बारशिंगा आणि बंगाली तणमोर या साऱ्यांचे पोट व आडोसा गवतावर अवलंबून. मग या रानाला पुनःपुन्हा तरुण कोण करते? दर काही वर्षांनी येणारा नदीचा लोंढा. वनखातेही हिवाळ्याच्या अखेरीस ठरलेल्या ठिकाणी वाळके गवत जाळते, म्हणजे कोवळे कोंब फुटतात व झुडपे माजत नाहीत. पण ती आग झाली तरी नदीच्या कामाला माणसाने लावलेला हातभारच होय.

दुसरी गोष्ट तळ्यांची. फळ्यावर मी हजार वेळा नालाकृती सरोवर काढले असेल. नदीचे वळण वाढत वाढत जाते, एके दिवशी पूर ते वळण तोडून सरळ वाट काढतो, आणि मागे घोड्याच्या नालासारखे एक तळे उरते. आसामात अशा तळ्यांना बील म्हणतात. काझीरंग्यात अशी कितीतरी बिले आहेत. सोहोला नावाच्या मोठ्या बिलाच्या काठी आम्ही गेलो तेव्हा समोर झोळीवाले पाणपक्षी थव्याने बसले होते, रानम्हशी पाण्यात मानेपर्यंत बुडाल्या होत्या, आणि माझी कन्या म्हणाली, 'बाबा, हेच ना तुमचे फळ्यावरचे तळे?' पस्तीस वर्षे काढलेल्या आकृतीत एकही प्राणी नव्हता, हे तेव्हा मला प्रथमच जाणवले.

ही बिले पूर नसता तर उथळ होऊन, जलपर्णीने भरून, अखेरीस कोरडी पडली असती. पुराचे पाणी त्यांत शिरते तेव्हा ते जलपर्णीचे तराफेच्या तराफे उचलून बाहेर नेते. नदीतील मासे बिलांत येऊन अंडी घालतात. पाणी उतरताना पिले पुन्हा नदीला मिळतात. तेव्हा अभयारण्यातील बील हे त्याच्या बाहेरील कोळ्याच्या ताटातील माशाचेही पाळणाघर आहे. शिवाय एवढे मैदान पाणी पोटात घेते म्हणून त्या प्रमाणात खालच्या गावांवरचा भार हलका होतो. ज्या नदीला पसरावयास जागा असते तिचे पाणी रुंद होते. जिला जागा नसते तिचे पाणी उंच होते. सांगलीकरांस हे अधिक समजावून सांगावयास नको.

येथवर ऐकून श्रोते म्हणतील, मास्तर, तुम्ही पुराची आरती करू लागलात. तसे नाही. पुराने काझीरंगा घडविला, तसा तो तेथील प्राण्यांचा संहारही करतो. १९८८ च्या पुरात तेथे बाराशेवर प्राणी दगावल्याची नोंद आहे. १९९८ मध्ये साडेसहाशेवर. २०१७ मध्ये साडेतीनशेहून अधिक. २०२४ मध्ये दोनशेहून अधिक. यांत सर्वांत अधिक मरण पावते ते पाडा नावाचे लहानसे हरीण. बिचाऱ्याचे पाय आखूड. त्याला पाणी लवकर गाठते. गेंड्यांची पिलेही आईपासून ताटातूट होऊन वाहून जातात. उद्यानाच्या जवळच २००२ पासून वन्यप्राण्यांचे एक शुश्रूषाकेंद्र चालते. तेथे अशी पिले बाटलीने दूध पाजून वाढवितात व मोठी झाल्यावर रानात सोडतात.

मग एकच पूर माताही आणि मारेकरीही कसा? याचे उत्तर त्या जिन्यात आहे.

पूर काही काझीरंग्याला नवा नाही. तेथील प्राण्यांच्या असंख्य पिढ्या त्यात वाढल्या. पाणी चढू लागले की ते पाऊल उचलतात आणि ठरलेल्या वाटांनी दक्षिणेकडील कार्बी डोंगरांकडे निघतात. पाणी उतरले की परत येतात. कोवळे गवत खाली आणि कोरडी जागा वर, असा त्यांचा वर्षाचा हिशेब. जोवर तिन्ही पायऱ्या जोडलेल्या होत्या तोवर पूर म्हणजे त्यांना एक स्थलांतर होते. आपण मधली पायरी राखली, तिला तारा, चौक्या, कायदे सर्व काही दिले. आणि मधल्या व वरच्या पायरीच्या मध्ये महामार्ग, उपाहारगृहे, वसत्या, चहाचे मळे आणि दगडाच्या खाणी येऊ दिल्या. पाण्यातून जिवंत निघालेले हरीण मोटारीखाली चिरडले जाते, याला पुराचा बळी म्हणावयाचे काय? ती हरमतीची वाघीण वाट चुकली नव्हती, श्रोतेहो. ती बरोबर वाटेवर होती. वाटेत घर आले होते.

नदीचेही वागणे पूर्वीसारखे राहिलेले नाही. १५ ऑगस्ट १९५० रोजी आसाम आणि तिबेट यांच्या सीमेवर फार मोठा भूकंप झाला. डोंगर कोसळून नद्यांत एवढी माती आली की दिब्रुगडजवळ ब्रह्मपुत्रेचा तळच काही मीटरनी वर आला. त्यानंतर ठिकठिकाणी काठाने मातीचे बांध घातले गेले. बांधाने कित्येक वर्षे गावे वाचतात हे खरे; परंतु दोन बांधांत आवळलेले पाणी उंच चढते, आणि बांध फुटला की एका रात्रीत येते. हळूहळू चढणाऱ्या पाण्यापुढे हरणाला चालत जाता येते. एकदम आलेल्या पाण्यापुढे नाही.

यावर उपाय काय झाले? पहिला उपाय उंचवट्यांचा. उद्यानात शंभराहून अधिक ठिकाणी मातीचे भराव घालून उंच जागा केल्या आहेत. पुराच्या वेळी गेंडे, हरणे, रानडुकरे त्यांवर दाटीने उभी राहतात. कधी कधी एकमेकांचे वैरी शेजारी शेजारी. या उंचवट्यांनी पुष्कळ जीव वाचविले आहेत. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु मी स्वतः तीन दिवस गच्चीवर काढले आहेत. गच्ची जीव वाचविते, पण गच्ची म्हणजे घर नव्हे. तेथे चारा नाही, हलावयास जागा नाही, आणि पाणी आणखी चढले तर जावयास वाटही नाही. उंचवटा ही अडचणीची सोय. खरी सुटका डोंगराच्या वाटेने.

म्हणून दुसरा उपाय त्याहून महत्त्वाचा, आणि तो म्हणजे वाटा मोकळ्या ठेवण्याचा. पानबारी, हल्दीबारी, कांचनजुरी, आमगुरी, हरमती आणि आणखी चार, अशा नऊ भ्रमणमार्गांवर नवे बांधकाम करू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये दिला. कार्बी डोंगरांतून उद्यानाकडे येणाऱ्या ओढ्यांच्या परिसरातील खाणकामासही त्याच वेळी बंदी घातली. कारण डोंगर फोडला तर वरची पायरीच ढासळते, आणि ओढ्यांतून खाली येणाऱ्या रेतीने बिले भरून जातात. पुराच्या दिवसांत महामार्गावर वाहनांना ताशी चाळीस किलोमीटरची मर्यादा घालतात, आणि मोटार एका नाक्यावरून किती वाजता निघाली व दुसऱ्या नाक्यावर किती वाजता पोहोचली याची चिठ्ठी देऊन तिचा वेग तपासतात. शाळेतील उशिराच्या नोंदवहीसारखी ही युक्ती मला फार आवडली. शिवाय, सुमारे चौतीस किलोमीटर रस्ता खांबांवरून उंच नेऊन खालची जमीन प्राण्यांना मोकळी करावी, अशा योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली. काम नीट पार पडले तर माणूस वरून जाईल आणि हत्ती खालून. मात्र खांबांखालच्या जमिनीत पुन्हा दुकाने उभी राहिली, तर एवढा खर्च करून आपण केवळ एक उंच रस्ता बांधला असे होईल.

आता माणसांविषयी न बोलता पुढे जाणे अन्यायाचे होईल. उद्यानात दोनशेच्या आसपास चौक्या आहेत. पावसाळ्यात त्यांतील कितीएक चौफेर पाण्याने वेढल्या जातात. वनरक्षक चौकीतच राहून नावेतून गस्त घालतात. कारण प्राणी उंचवट्यावर जमले की चोरट्या शिकाऱ्याला ते आयते सापडतात. गेंड्याचे शिंग म्हणजे आपल्या नखा-केसांच्या जातीचेच द्रव्य. त्यात औषधी गुण आहेत या समजुतीपायी आजवर शेकडो गेंडे मारले गेले. २२ सप्टेंबर २०२१ रोजी आसाम सरकारने साठविलेली जवळजवळ अडीच हजार शिंगे बोकाखात येथे जाहीरपणे जाळली. शिंगाची किंमत शून्य आहे हे जगाला सांगण्यासाठी. पुढील २०२२ या सबंध वर्षात आसामात एकाही गेंड्याची चोरटी शिकार झाली नाही. त्या चौक्यांतील माणसांचे हे श्रेय आहे.

दुसऱ्या बाजूस भोवतालचा शेतकरी. हत्ती त्याचे भात तुडवितात, वाघ त्याची गाय नेतो, आणि नदी त्याची जमीन खाते. नदीने जमीन नेली की तो नवी जागा शोधतो, आणि ती जागा पुष्कळदा प्राण्यांच्या वाटेवरच असते. अभयारण्याच्या विस्तारासाठी घरे हलविण्याचे प्रसंगही आले. सप्टेंबर २०१६ मध्ये अशाच एका कारवाईच्या वेळी गोळीबार होऊन दोन माणसांना प्राण गमवावे लागले. प्राण्याला अभय देताना माणसाला भयभीत करून चालणार नाही. नुकसानभरपाई वेळेवर पोहोचली, पर्यटनातील मिळकतीचा वाटा त्याच्या घरात आला, बाहेर काढलेल्याला आधी दुसरी जमीन मिळाली, तरच तो वाट सोडील. आणि त्याने मनापासून सोडलेली वाटच टिकेल. तिकडे नदीकाठच्या मिसिंग लोकांची घरे मी पाहिली. बांबूच्या खांबांवर उभी. त्यांना चांगघर म्हणतात. खालून पाणी जावे, वर माणसाने राहावे. नदीशी भांडण नाही आणि शरणागतीही नाही. त्या घरांपुढे उभे राहून मला माझ्याच घराची लाज वाटली.

त्याचे कारण सांगून भाषण पुरे करतो. आमच्या कृष्णाकाठी नदीलगतच्या जमिनीला मळी म्हणतात. दर पुरात तीवर नवा गाळ बसतो. माझे आजोबा मळीत वांगी लावीत; कृष्णाकाठच्या वांग्यांची चव त्या गाळाची. परंतु मळीत घर बांधावे असे त्यांच्या स्वप्नातही आले नाही. त्यांचा समज साधा होता : मळी आपली आठ महिने, नदीची चार महिने. मी मात्र शिकलेला. १९९४ साली ओढ्याकाठची सखल जागा स्वस्तात मिळाली म्हणून मी ती घेतली, मुरूम टाकून भरून काढली आणि वर दोन मजली घर बांधले. वर्गात त्याच वर्षी मुलांना पूरमैदानाची व्याख्या शिकवीत होतो. २०१९ मध्ये पाणी आमच्या घरात शिरले असे आम्ही म्हणतो. खरे तर आमचे घर पाण्याच्या जागेत पंचवीस वर्षे आधीच शिरलेले होते.

म्हणून मला काझीरंगा हे केवळ दूरदेशीचे प्रेक्षणीय स्थळ वाटत नाही. नदीच्या मैदानाचे रक्षण म्हणजे काय, हे तेथे ठसठशीत अक्षरांत लिहिलेले आहे. अशा अरण्याभोवती भिंत घालून ते वाचत नाही. पूर थोपवूनही वाचत नाही. पुराला यावयास मैदान आणि प्राण्याला निघावयास वाट, एवढ्या दोन गोष्टी राखल्या तर बाकीचे पुष्कळसे काम नदी करते. यांपैकी एक जरी गेली, तरी चौक्या, बंदुका आणि कायदे असूनही आपण केवळ बुडणाऱ्यांची मोजदाद करीत बसू.

आपणांस येथे बसून काय करता येईल? काझीरंगा पाहावयास जाल तेव्हा भ्रमणमार्गावर उभारलेल्या निवासात उतरू नका; थोडे दूर राहा. मोटारवाल्यास सावकाश हाकावयास सांगा. गेंडा जवळून दिसावा म्हणून वाटाड्याच्या मागे लागू नका. आमच्या गाडीतील काही मंडळी लागली होती, म्हणून सांगतो. आपल्याकडे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचे पक्षी-अभयारण्य आहे; २०२० मध्ये त्याला महाराष्ट्रातील पहिले आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. मुलांना हिवाळ्यात तेथे घेऊन जा, आणि पक्ष्यांबरोबरच तेथील गाळही दाखवा. आणि घरासाठी जागा घ्याल तेव्हा कागदपत्रांबरोबर पूररेषेचा नकाशाही मागून घ्या. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा जेथवर पोहोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत कोणी कितीही स्वस्त जागा देऊ करो, ती त्याने विकावयाची नसते व आपण घ्यावयाची नसते. तिचा मालक दर पावसाळ्यात चौकशीला येतो.

मी आता शाळेत शिकवीत नाही. पण शेजारची दोन मुले संध्याकाळी भूगोल विचारावयास येतात. मागील आठवड्यात त्यांनी तोच जुना प्रश्न आणला : पुराचे फायदे व तोटे लिहा. मी त्यांना सांगितले, फायद्यांची बाजू आधी लिहा आणि तीत गेंडा काढा. तोट्यांच्या बाजूस घर काढा, आणि ते घर कोठे बांधले आहे तेही दाखवा. एकाने विचारले, 'सर, परीक्षेत चालेल का?' मी म्हणालो, गुणांचे मला सांगता येत नाही. उत्तर मात्र बरोबर आहे.